एकनाड

“काकू, मनगटावरचा दाखवू का छातीवरचा?”

दुकानातल्या मुलीनं असं विचारलं, जणू मी ब्लाउजपीस घ्यायला आले होते. तिनं काचेच्या टेबलावर तीन डबे मांडले. पहिल्यात चकचकीत घड्याळ होतं. त्याची किंमत ऐकून मी तिला ते उघडूही दिलं नाही. दुसऱ्यात रुंद इलॅस्टिकचा पट्टा होता. तो म्हणे छातीला आवळून बांधायचा, आणि हृदयाचे ठोके सगळ्यात अचूक तोच सांगतो.

“बैलाला बांधतात तसा,” मागून आमचे हे बोलले. “त्यापेक्षा वेसण दे एक. हिला धरायला बरी.”

मुलगी हसता हसता थांबली. नाझनीन तिचं नाव. शाळेत असताना ती ह्यांच्या खो-खोच्या संघात होती, आणि फडतरे सरांसमोर दात काढायचे नाहीत ही सवय तिला नोकरी लागली तरी सुटली नव्हती. हे निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण निम्मं सातारा अजून ह्यांना बघून पाठ ताठ करतं.

“सर, तुम्ही तिकडं मॅच बघा ना,” ती म्हणाली. “काकूंना मी समजावून सांगते.”

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं. हे तिकडं गेले ते गेलेच.

तिसऱ्या डब्यात नुसता काळा रबरी पट्टा होता. ना काटा, ना आकडा. पोटाला एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

“हा सगळ्यात स्वस्त. शिवाय दसऱ्याची ऑफर आहे, एकावर एक. फक्त ह्याला स्क्रीन नाही. ठोके फोनवर बघायचे.”

“कुणाच्या फोनवर?”

“ज्याला जोडू त्याच्या.”

मला नेमकं हेच हवं होतं. ह्यांच्या हातावर आकडा नाचत राहिला असता, तर हे त्याच्याशीही शर्यत लावत बसले असते. पट्टा त्यांच्या हातात आणि आकडा माझ्या फोनवर, एवढं झालं की मी सुटले.

हे खूळ माझ्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. घोरपडे सर ह्यांचे रोजचे सोबती. दोघं मिळून सकाळी अजिंक्यतारा चढायचे, वर मारुतीच्या देवळापाशी टेकायचे आणि जगातल्या समस्त आळशी लोकांना नावं ठेवत खाली यायचे. गणपती उठले त्याच आठवड्यात घोरपडे सर चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या गेले. हातातला ग्लास सांडलासुद्धा नाही. त्यांचं सामान उचलून घरी पोचवायला हेच गेले होते. परत आल्यावर हे एवढंच म्हणाले, “मरण असं यावं.” मी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आता पाळी कुणाची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कारण आमची एकनाड आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्रिकेत नवरा-बायकोची नाड एकच निघाली, तर लग्न करू नये म्हणतात. दोघांतलं एक लवकर जातं. आमची पत्रिका जुळवताना गुरुजींनी हे सांगितलं, तेव्हा माझे वडील पांढरेफटक पडले होते. त्या वेळी ताडमाड उंच असे हे कोपऱ्यातून बोलले होते, “एकच नाडी असली तर सोयच झाली की. एकाची मोजली की दोघांची मोजली.” माझे सासरे खो खो हसले आणि सुपारी फुटली. माझी आई मात्र हसली नाही. ह्यांना साधी सर्दी झाली तरी ती पुढं आयुष्यभर माझ्या कपाळाकडं बघत राहिली. तिच्या त्या बघण्यातली भीती मी घेतली, ती कधी सुटलीच नाही.

“एवढं मात्र लक्षात ठेवा,” नाझनीन सांगत होती. “हा घरातल्या घरात चालतो. फार तर अंगणापर्यंत. सर लांब गेले, किंवा त्यांनी हातातून काढून ठेवला, की आकडा जाईल आणि दोन रेघा दिसतील. रेघा दिसल्या म्हणून घाबरायचं नाही.”

“आणि दुसऱ्या पट्ट्याचं काय?”

“तो हिच्या हातात घाल आणि माझ्या फोनला जोड,” टीव्हीवरची नजर न काढता हे म्हणाले. “मी एकटा गळ्यात घंटा बांधून घेणार नाही. बांधायची तर दोघांना.”

तिनं तिथंच दोन्ही पट्टे जोडून दिले. माझ्या फोनवर ह्यांचा आकडा, वर नाव ‘सर’. ह्यांच्या फोनवर माझा, वर नाव ‘काकू’. आम्ही पट्टे घालूनच दुकानातून बाहेर पडलो. मला उगाच हलकं वाटत होतं. कंदी पेढेसुद्धा घेतले.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या घरी त्या दिवशी कामाच्या वस्तूंची पूजा होते. पाटावर ह्यांची शिट्टी, ह्यांचं जुनं स्टॉपवॉच, माझ्या शिवणकामाची मोठी कात्री, स्कूटरची किल्ली. नवी वस्तू घरात आली तर ती देवापुढं ठेवल्याशिवाय वापरायची नाही, हा माझ्या सासूबाईंचा नेम. आदल्या दिवशी आम्ही तो मोडला होता, म्हणून मी दोघांच्या हातातले पट्टे काढून पाटावर ठेवले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं, आरती केली.

मग मी म्हटलं, “हात पुढं करा.”

मी ह्यांच्या हातात पट्टा बांधला, ह्यांनी माझ्या. रबराची ती खुंटी ह्यांच्या जाड बोटांना सापडेना.

“लग्नात काकण बांधताना एवढा वेळ लागला नव्हता,” हे पुटपुटले.

“तेव्हा चाळिशीचा नंबर नव्हता तुम्हाला.”

सणाचा दिवस हसण्यात गेला. भीती आली ती त्यानंतर.

ती मांजरीसारखी पाय न वाजवता आली. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले होते. दोन पिळे झटकले आणि सहज फोन बघितला, तर ‘सर’च्या खाली एकशेअठरा. मी कठड्यावरून वाकून बघितलं. हे खाली ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पायावर पाय. पान उलटायलासुद्धा त्यांना घाई नव्हती. माणूस ढिम्म बसलाय आणि आत हृदय असं उधळलंय! मी धावत जिना उतरले. खाली पोचेपर्यंत आकडा आणखी वर गेला होता.

“बरं वाटतंय ना?” मी विचारलं.

“मला काय धाड भरलीय?” ह्यांनी पेपरातून डोकं काढून माझ्याकडं बघितलं. फार वेळ बघितलं. “तू का धापा टाकतीयस? बैस जरा.”

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. कणीक मळताना मी हात पुसून पुसून फोन बघायची. हे झोपाळ्यावर असोत, आंघोळीला असोत, शेजारच्या पवारांशी गप्पा मारत असोत, आकडा आपला मनाला येईल तसा वर जायचा. मी पाण्याची कळशी उचलत असले की हटकून वर. मालिकेतली सासू विष कालवायला लागली की वर. एकदा कुकरची शिट्टी जोरात झाली आणि मी दचकून फोनकडं बघितलं, तर तिकडंही दचकल्यासारखा आकडा उडाला. ह्यांच्या कानावर तर ती शिट्टी गेलीही नव्हती, हे परसात होते. मला वाटलं, ह्यांचं हृदय आता कशाचंच निमित्त मागत नाही.

ह्यांना सांगायची सोय नव्हती. घोरपडे सरांना त्यांच्या मुलानं डॉक्टरचं नाव काढून घाबरवलं आणि मग ते गेले, असं मी ऐकलं होतं. खरं खोटं देव जाणे, पण भीतीनं माणूस जातो यावर माझा विश्वास होता. तेव्हा मी गुपचूप गुडघ्यांचं निमित्त काढलं.

“डॉक्टरांकडं जाऊ या का एकदा? माझे गुडघे फारच धरलेत.”

एरवी ह्यांनी मला गुडघ्यांवर भाषण दिलं असतं. त्या दिवशी हे चटकन म्हणाले, “जाऊ. लवकर जाऊ. चांगल्या डॉक्टरकडं जाऊ.”

आणि हेच एक नव्हतं. हे बदलले होते. सकाळी उठून चहा करायला लागले. माझ्या हातातून बादली काढून घ्यायला लागले. जन्मभर ज्यानं ताटातलं मीठ स्वतः उठून घेतलं नाही, तो माणूस मला “तू बैस, मी आणतो” म्हणायला लागला. कोंबडीला दाणे जास्त पडायला लागले की तिनं काय समजायचं? मी समजले. ह्यांना आतून कळलंय. जाणाऱ्या माणसाला कळतं म्हणतात, आणि मग तो असा गोड होतो.

एका दुपारी मी टीव्ही बघत होते. हे शेजारी येऊन बसले आणि माझं मनगट हातात घेतलं. पट्टा नव्हता त्या हाताचं. दोन बोटं नुसती टेकवली होती.

“हे काय आता, या वयात?” मी लाजून हात ओढून घेतला. “खिडकी उघडी आहे.”

हे खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं, ते मी निरोप समजले. आत जाऊन मी नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग तो बुधवार उजाडला. त्याच दिवशी संध्याकाळी आम्हाला डॉक्टरांनी बोलावलं होतं.

“आज किल्ला नको,” मी म्हटलं.

“अर्ध्यातून परत येतो. पाय मोकळे होतील.” हे बूट घालत होते. नाडी बांधायला वाकले आणि उठताना क्षणभर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. “तू मात्र काम काढू नको. भांडी राहू दे. मी येईपर्यंत पडून राहा.”

हे गेले. मी पलंगावर बसले, फोन मांडीवर. ह्यांनी घर सोडलं की आकडा जाऊन रेघा येणार, असं नाझनीन म्हणाली होती. पण आजवर एकदाही रेघा आल्या नव्हत्या. हे बाजारात जावोत की किल्ल्यावर, ठोके दिसतच राहायचे. मी तर शेजारच्या पवारवहिनींना ऐटीत सांगितलंही होतं, की स्वस्तातला असून काय माल आहे, थेट किल्ल्यापर्यंत पोचतो. त्या दिवशीही आकडा दिसत होता. शहाऐंशी. ठीक होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली. भोंगा वाजवत, किल्ल्याच्या दिशेनं.

मी फोन बघितला. एकशेचार. बघता बघता एकशेबारा. ह्यांना फोन लावला. ‘आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’ पुन्हा लावला. पुन्हा तेच. हे चढताना कधी कुणाशी फोनवर बोलत नाहीत. म्हणजे ह्यांचा फोन कुणा दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तो कुणालातरी बोलावतोय. एकशेचोवीस.

चपला पायात सरकवल्या आणि निघाले. दाराला कुलूप लावल्याचं मला आठवत नाही.

किल्ल्याचा रस्ता आमच्या गल्लीच्या टोकाशीच सुरू होतो. गाडीरस्ता आहे, पण चढ तो चढच. ज्या गुडघ्यांचं मी निमित्त केलं होतं ते आता खरोखर बोंबलायला लागले. मी पदर खोचून चालत होते, चालत कसली, पळत होते. दर वळणावर फोन बघायची आणि दर वळणावर आकडा वर गेलेला असायचा. एकशेअडतीस. एकशेसेहेचाळीस. “अहो, बसा,” मी मोठ्यानं म्हणत होते. “असाल तिथं बसा. चढू नका आता.” समोरून उतरणारी दोन पोरं बाजूला झाली.

एका वळणावर मला श्वासच पुरेना. कठड्यावर बसले, डोळे मिटले, किल्ल्यावरच्या मंगळाईला नवस बोलले. डोळे उघडून बघितलं तर आकडा उतरत होता. देवीनं ऐकलं. हे सावरतायत! मी नाक पुसलं, उठले, भराभरा चार पावलं टाकली आणि आकडा परत चढला. पुन्हा बसले, पुन्हा उतरला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, मी थांबले की ह्यांना आराम पडतोय आणि मी निघाले की ह्यांचा जीव घाबरा होतोय. म्हणजे मी जाऊ की नको? एकनाडीचं माणूस जवळ आलं की दुसरं जातं, असलं काही असतं का? त्या कठड्याशी मी खरोखर थबकले होते.

मग मनाशी म्हटलं, जायचे असले तर माझ्या हातात जाऊ देत. आणि निघाले.

पुढच्याच वळणावर हे दिसले. खाली उतरत होते, भिंतीला एक हात लावून. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, दुसऱ्या हातात फोन. मला बघून ते जागीच थिजले.

“तू चालत आलीस?” ते म्हणाले. “कुमुद, तुला काही कळतं का? बैस. खाली बैस आधी.”

“तुम्ही बसा! तुमचे एकशेबावन्न झालेत!”

“माझे? माझं सोड. तुझे चौतीस आहेत. किती दिवस झाले, चाळिसाच्या वर जात नाहीत. मघापासून तुला फोन लावतोय, तो लागत नाही, मला वाटलं...”

“मी तुम्हाला लावत होते.”

आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे. जणू दोघंही भुतं. मग ह्यांनी माझा हात धरला. या वेळी मी ओढून घेतला नाही. मनगटावर दोन बोटं टेकवली आणि माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनवर नजर ठेवली. शाळेत पोरं पळून आली की ते अशीच नाडी बघायचे. मोजता मोजता त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“अगं, ही घोड्यासारखी धावतीय,” ते म्हणाले. “कसले चौतीस? हे एकशेबावन्न तर तुझेच आहेत.”

“माझे कसे? वर ‘सर’ लिहिलंय.”

“दसरा,” ते म्हणाले. “पाटावरून उचलताना अदलाबदल झालीय. हा माझा तुझ्या हातात आहे, तुझा माझ्या हातात.”

गच्चीवरचे कपडे, कळशी, मालिकेतली सासू, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. इतके दिवस मी माझ्याच भीतीला भीत होते. मला हसू फुटलं. ह्यांनाही फुटलं. आम्ही भर रस्त्यात कठड्याला टेकून वेड्यासारखे हसलो. वर चढणाऱ्या एक बाई आमच्याकडं बघून पदराआड हसल्या.

“आणि मी मेला बादल्या उचलतोय,” हे डोळे पुसत म्हणाले.

“उचला की. सवय झालीच आहे.” मी हसतच होते. हसता हसताच मी म्हटलं, “म्हणजे ते चौतीस...”

हे हसायचे थांबले. फोन खिशात ठेवला. मग सावकाश दोन बोटं स्वतःच्या गळ्याला लावली, जबड्याच्या खाली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“खेळाडूचं हृदय आहे,” ते म्हणाले. “आमचे ठोके कमीच असतात.”

“चढ चढून आल्यावरसुद्धा?”

पन्नास पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावून त्यांच्या नाड्या मोजणाऱ्या माणसाला याचं उत्तर माहीत होतं. ते कठड्यावर हळूच बसले आणि म्हणाले, “मघाशी तिथं वर डोळ्यांपुढं अंधारी आली होती. मला वाटलं, तुझ्या काळजीनं.”

वरून एक जीप येत होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

जीपमध्ये ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी त्यांचं मनगट धरलं.

“इथं नाही, अंगठ्याच्या बाजूला,” ते डोळे मिटून म्हणाले. “दाबू नको. नुसती टेकव.”

मी टेकवली. एक ठोका लागला. मग काहीच नाही. मी वाट बघितली. जीप वळली, खड्ड्यातून गेली, तरी काही नाही. माझ्या बोटांखाली माझा नवरा नव्हताच जणू. मग पुन्हा एक ठोका, लांबून आल्यासारखा. पुन्हा ती शांतता. मी आयुष्यात पुष्कळ भ्याले आहे. पण दोन ठोक्यांच्या मधल्या त्या जागेत जी भीती होती, तशी पुन्हा कधी भेटली नाही. प्रत्येक ठोक्याला मी ह्यांना परत मिळवत होते आणि लगेच हरवत होते.

हॉस्पिटलात त्यांना थेट आत नेलं. तरुण डॉक्टर होत्या, घाईत बाहेर आल्या.

“वरचा निरोप हृदयाच्या खालच्या भागाला पोचत नाहीये, आजी. वायर तुटल्यासारखं झालंय. आत्ता बाहेरून एक तात्पुरती तार घालतोय. घरी झोपेत झालं असतं तर कळलंही नसतं. वेळेवर कुणाच्या लक्षात आलं?”

मी नुसती सही केली.

नर्सनं ह्यांचा फोन आणि हातातून काढलेला पट्टा आणून माझ्या ओंजळीत दिला. पट्ट्याच्या खाचेत दसऱ्याचं कुंकू अजून होतं. बाकावर बसून मी दोन्ही फोन मांडीवर ठेवले. माझ्या फोनवर आकडा होता. ह्यांच्या फोनवर दोन रेघा.

रेघा दिसल्या म्हणून घाबरायचं नाही, नाझनीन म्हणाली होती. पट्टा हातातून काढलाय म्हणून रेघा आहेत, हे मलाही कळत होतं. पण दार बंद होतं, आतून काही आवाज येत नव्हता आणि ह्यांच्या फोनवर त्या दोन आडव्या रेघा तशाच होत्या. मला त्या बघवेनात. फोन उलटा करून ठेवला, तरी त्या दिसतच राहिल्या. शेवटी मी तो पट्टा उचलला आणि माझ्या दुसऱ्या मनगटावर बांधला. एका हातानं बांधायला वेळ लागला.

हिरवा दिवा लुकलुकला. रेघा गेल्या. ‘काकू’ खाली आकडा आला. शेजारच्या फोनवर ‘सर’ खाली आकडा होताच. मी दोन्ही मनगटं मांडीवर ठेवून ताठ बसले. श्वास हळू घ्यायला लागले. दोघांचे मीच चालवतेय असं मला वाटत होतं, आणि ते थांबू द्यायचे नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं. तीच नर्स बाहेर आली. मास्क हनुवटीखाली ओढला, तेव्हा मला दिसलं की ती हसतीय.

“तार बसली. पेशंट बोलतायत,” ती म्हणाली. “काही पाहिजे का विचारलं, तर म्हणाले, बाहेर जाऊन बघ, तिचे किती दिसतायत.”

मी खाली बघितलं. दोन फोन, दोन नावं.

“सांगा त्यांना,” मी म्हटलं, “दोघांचे सारखेच आहेत.”